केबल काढा, मग मिंट घाला

कराडात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेची कार्डं, सगळं एकाच पीसीवर चालतं. हा पीसी २०१७ साली माझ्या भाच्याने पुण्याहून एकेक पार्ट आणून जोडून दिला. आय५-७४०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक कार्ड नाही, त्याची मला गरजही नाही. आठ वर्षांत एक एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जळला आणि दोन कीबोर्ड गेले. बाकी मशीन ठणठणीत आहे.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद होणार हे ठरलेलं होतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. माझा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकला. दुकानदाराचं म्हणणं, ‘ताई, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, तिन्ही बदला’. म्हणजे कॅबिनेटचा पत्रा तेवढा माझा राहणार! मी दीड हजाराची २४० जीबीची एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) घेतली आणि विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ते कसं, हे इथे लिहिते. माझ्यासारखंच असेंबल्ड मशीन असेल तर तुम्हालाही जमेल. लॅपटॉपवाल्यांना ह्यातलं निम्मंच उपयोगी पडेल, कारण लॅपटॉपचं पोट असं सहज उघडता येत नाही.

वेळ कुठली निवडायची तेही सांगते. मी हे पितृपक्षात केलं. त्या पंधरवड्यात पत्रिकेचं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. तुमच्या धंद्यातही असा एखादा सुस्त आठवडा असेलच, तो धरा. ‘आज रात्री बसवते, सकाळी काम सुरू’ असा हिशेब करू नका. बसवायला पंधरा मिनिटं लागतात, पण प्रिंटर आणि मराठी टायपिंग रुळायला तीन-चार दिवस जातात.

आधी जुनी चूक

हा माझा पहिला प्रयत्न नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा हौसेने लिनक्स घालायला बसला होता. तेव्हा मशीनमध्ये दोन डिस्का होत्या, दोन्ही १ टीबीच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या. एक चालू कामाची आणि एक रिकामी, बॅकअपसाठी घेतलेली. इन्स्टॉलरमध्ये ‘सगळी डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला की खाली एक छोटी यादी उघडते. तिच्यात कंपनीचं नाव, मॉडेलचे आकडे आणि १.० टीबी. खालच्या ओळीतही तेच नाव, तोच आकडा. मॉडेल नंबरात शेवटच्या दोन अक्षरांचा काय तो फरक. त्याने मला विचारलं, ‘काकू, वरची ना?’ मी दुकानात गिऱ्हाइकाला पावती देत होते. मान हलवली.

वरची ती कामाची होती. सहा वर्षांच्या पत्रिकांचे फॉर्मे गेले. चूक त्या पोराची नव्हती, माझी होती. न बघता मान हलवणारी मी.

म्हणून ह्यावेळी भाच्याने फोनवर पहिलंच विचारलं, ‘मावशी, जुन्या डिस्कची केबल काढलीस का?’ असेंबल्ड पीसीचा हाच तर फायदा आहे. दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा निघतो आणि जी डिस्क वाचवायची तिची केबल हाताने उपटता येते. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जाऊच शकत नाही.

ह्याला आणखी एक कारण आहे. मिंटमध्ये उबुंटू ह्या दुसऱ्या लिनक्सकडून आलेला जो इन्स्टॉलर आहे त्याची एक जुनी खोड आहे. दोन डिस्का जोडलेल्या असल्या आणि पहिल्या डिस्कवर विंडोजचं ईएफआय पार्टिशन (मशीन उठवायच्या फायलींचा कप्पा) असलं, तर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम, तो पहिलीवरच नेऊन ठेवतो. पुढे कधी पहिली डिस्क काढली की दुसरीवरचं लिनक्स उठतच नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो. केबल काढलेली असली की हा घोळ मुळातच होत नाही.

मशीनची कुंडली

पत्रा उघडण्याआधी विंडोज चालू असतानाच थोडी माहिती कागदावर उतरवून घ्या. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. तिथे बोर्डाची कंपनी आणि मॉडेल दिसतं, प्रोसेसर दिसतो, आणि ‘बायॉस मोड’ नावाची एक ओळ असते. तिच्यात ‘यूईएफआय’ (मशीन उठण्याची नवी पद्धत) लिहिलंय की ‘लेगसी’ (जुनी), ते नक्की टिपून घ्या. माझ्याकडे ‘लेगसी’ निघालं. भाच्याने घाईत जुन्या पद्धतीने विंडोज घातलं होतं, हे मला आता कळलं. ह्याचा परिणाम पुढे येतो.

मिंटला मशीन फार तगडं लागत नाही. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा, आरामात चालायला ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा. तेवढं तर जुन्या मशीनलाही असतं. फक्त हार्ड डिस्कवर घालू नका, एसएसडी घ्याच. आठ वर्षं हार्ड डिस्क कुरकुरताना ऐकलेल्या माणसाला एसएसडीवरचं मशीन म्हणजे वेगळंच प्रकरण वाटतं.

विंडोजमध्ये असतानाच आणखी दोन कामं उरकून घ्या. पहिलं, बॅकअप. जुनी डिस्क शाबूत राहणार असली तरी घ्या. माझा अनुभव वर सांगितलाच. दुसरं, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डाव्या बाजूला पॉवरचं बटण काय करतं ते ठरवण्याची ओळ आहे, आत गेलं की खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक दिसते. ती काढा. ती असली की विंडोज शट डाउन केल्यावरही पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून ती डिस्क उघडली की फायली दिसतात पण सेव्ह होत नाहीत.

पेनड्राइव्ह

मिंटच्या साइटवर तीन प्रकार मिळतात: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. फरक दिसण्याचा आणि वजनाचा. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई घ्या, त्याहून जास्त असेल तर डोळे मिटून सिनॅमन. विंडोजची सवय असलेल्या हाताला ते लगेच ओळखीचं वाटतं: खाली पट्टी, डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ. मी घेतलं तेव्हा नुकतंच, सप्टेंबर २०२५ मध्ये, २२.२ आलं होतं. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यामुळे चार वर्षं हा विषय डोक्यातून गेला.

फाइल तीन जीबीच्या आसपास असते. ती नीट उतरली का हे बघायला साइटवरच एक लांबलचक आकड्या-अक्षरांची ओळ दिलेली असते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. तुमच्याकडे सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून तुमच्या फाइलची ओळ काढता येते. दोन्ही ओळी जुळल्या पाहिजेत. मी सगळी ओळ वाचत बसत नाही, पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं बघते. आमच्याकडे नेट मध्येच तुटतं, एकदा फाइल खरंच अर्धवट उतरली होती, आणि ती ह्याच ओळीने पकडली.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर. रूफसमध्ये फाइल निवडायची, पार्टिशन स्कीमला जीपीटी, टार्गेटला यूईएफआय ठेवायचं आणि स्टार्ट. मध्ये तो आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतो, आयएसओ घ्या. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात नाहीत ना, ते बघून घ्या.

पत्रा उघडताना

मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून घ्या, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

माझ्या कॅबिनेटमध्ये धूळ इतकी होती की प्रोसेसरचा पंखा करड्या लोकरीचा वाटत होता. रंगाच्या कोरड्या ब्रशने ती झाडली. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं होतं, नाहीतर ते गरगर फिरतं. त्याच दिवशी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आठ वर्षांचा सेल मेलेलाच असतो. तो मेला की दर वेळी लाइट गेल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग इंटरनेट चालू असूनही ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो, आणि तुम्ही उगाच लिनक्सला शिव्या घालता. सेल काढल्यावर बायॉसमधली तारीख पुन्हा घालावी लागते, बूटचा क्रमही मूळपदावर जातो.

आता डिस्क. जुन्या हार्ड डिस्कला दोन केबली असतात: एक पातळ साटाची, जी बोर्डाकडे जाते, आणि एक रुंद, जी एसएमपीएसकडून येते. साटाच्या केबलीला बहुतेक वेळा टोकाला पत्र्याची छोटी चिमटी असते. ती दाबल्याशिवाय ओढू नका, बोर्डावरचा सॉकेट उखडतो. दोन्ही केबली डिस्ककडून काढा. नवी एसएसडी बोर्डाच्या वेगळ्या पोर्टला वेगळ्या केबलीने जोडा. साटाची केबल एसएसडीबरोबर मिळत नाही, आधीच वेगळी घेऊन ठेवा. मला ती घ्यायला भर दुपारी बाजारात परत जावं लागलं.

एसएसडी बसवायला खाचा नसल्या तरी बिघडत नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं. मी दुहेरी चिकटपट्टीने कॅबिनेटच्या तळाला लावली आहे. तुमची जुनी डिस्क एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावर आडवी झोपलेली पट्टी असेल, तर तिला केबल नसते. एक बारीक स्क्रू काढून ती पट्टीच बाहेर घ्यायची आणि तो स्क्रू वाटीत ठेवायचा. तो हरवला तर सहजासहजी दुसरा मिळत नाही.

आणि हो, एक्स्टर्नल डिस्क, बाकीचे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, सगळं काढा. मशीनला आता फक्त रिकामी एसएसडी आणि मिंटचा पेनड्राइव्ह.

पेनड्राइव्हवरून चालू करणं

मशीन चालू करताच बूट मेन्यूची कळ सटासट दाबत राहायची. गिगाबाइटच्या बोर्डावर ती एफ१२, एसूसवर एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ११. मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. यूईएफआयवालाच घ्यायचा.

मिंटचा मेन्यू आल्यावर पहिली ओळ. काळा पडदाच राहिला, विशेषतः जुनं एनव्हिडियाचं कार्ड असलं तर, तर मशीन पुन्हा चालू करून ‘कंपॅटिबिलिटी मोड’ची ओळ घ्या. कार्डाचा खरा ड्रायव्हर नंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून घालता येतो.

आता डेस्कटॉप दिसेल. घाई करू नका. अजून काहीच बसलेलं नाही, मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतंय. ह्याच वेळी सगळं तपासून घ्यायचं. गाणं लावून आवाज येतोय का बघा. पडद्याची अक्षरं नीट आहेत का? यूएसबीचा प्रिंटर जोडून बघा. नेट येतंय का?

नेटवर माझं अडलं. माझ्या मशीनला वायफाय म्हणजे यूएसबीत खोचलेलं नखाएवढं डाँगल. असेंबल्ड मशीनला बहुतेकांचं तसंच असतं. त्यातल्या चिपचा ड्रायव्हर मिंटमध्ये नव्हता. नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. भाचा म्हणाला, ‘मावशी, मोबाइल चार्जिंगच्या केबलीने पीसीला लाव आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू कर.’ दहा सेकंदांत उजव्या कोपऱ्यात जोडणीचं चिन्ह आलं! ॲन्ड्रॉइडचा कुठलाही फोन असा चालतो. ही एक युक्ती लक्षात ठेवली तरी ह्या लेखाचं काम झालं. पुढे मी राउटरपासून साधी लॅनची केबलच ओढून घेतली, ती लगेच चालली.

बसवणं

डेस्कटॉपवरच ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ नावाचं चिन्ह असतं. दोनदा क्लिक. भाषा इंग्रजीच ठेवा. काही अडलं तर भाच्याला फोनवर वाचून दाखवताना बरं पडतं. कीबोर्डही इंग्रजी, मराठीचं नंतर बघू. मल्टिमीडिया कोडेकची टिक लावा, म्हणजे व्हिडिओ नीट चालतात.

मग तो पडदा येतो ज्याने माझी सहा वर्षं पुसली होती. ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’. ह्यावेळी यादीत एकच नाव होतं, २४० जीबी. तरीही मी ते मोठ्याने वाचलं. मग ‘इन्स्टॉल नाऊ’.

नकाशात कोलकाता आपोआप येतं, तेच ठेवायचं, भारताची वेळ त्याच नावाने असते. मशीनचं नाव छोटं द्या. पासवर्ड लक्षात राहील असा द्या, कारण तो फक्त लॉगिनला नाही, प्रत्येक नवीन सॉफ्टवेअर घालताना लागतो. मी सुरुवातीला मोठा कठीण पासवर्ड दिला आणि दिवसातून वीसदा टाइप करून वैतागले.

एसएसडीवर बारा मिनिटं लागली. ह्या वेळात लाइट जाणार नाही एवढं बघा. यूपीएस नसेल तर शेजारच्याचा आणा. शेवटी तो रीस्टार्ट मागतो, मग पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा म्हणतो.

पहिल्यांदा उठल्यावर दोन गोष्टी. ‘अपडेट मॅनेजर’ उघडून सगळे अपडेट घ्या. आणि ‘टाइमशिफ्ट’ लावून ठेवा. तो आठवड्याला सिस्टिमचा एक फोटो काढून ठेवतो, काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. तुमच्या फायली त्यात येत नाहीत, फक्त सिस्टिम. त्याला बॅकअप समजू नका.

मराठी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट्स, आणि खाली अधिकच्या चिन्हावर क्लिक. यादीत ‘मराठी’ शोधा. मी इनस्क्रिप्टवाला (देवनागरी कळांची सरकारी मांडणी) घेतला. तो दिसला नाही तर ‘इंडियन’ नावाचा घ्या, कळा त्याच आहेत. इंग्रजी-मराठी बदलायची कळ तिथेच ऑप्शन्समध्ये ठरवता येते. ज्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ लिहून देवनागरी उमटवायची, त्यांनी आयबस आणि त्याच्याबरोबरचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घालावं. त्यात मराठीसाठी तसे पर्याय आहेत. मी मात्र इनस्क्रिप्ट शिकायलाच सांगेन. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र, ज्याच्यावर निम्म्या पत्रिका चुकतात, इनस्क्रिप्टमध्ये दोन कळांचा खेळ आहे: शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. नुसता जे दाबलात तर ‘दुसर्या’ होतं आणि तो र य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दशक्रियेच्या कार्डावर ‘तिसर्या दिवशी’ छापून गेलेलं मी पाहिलं आहे.

मग लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारा फुकटचा संच. तो मिंटबरोबरच येतो. टूल्समधून ऑप्शन्स, तिथे भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची टिक लावा आणि समोरच्या यादीत मराठी निवडा. हे फक्त स्पेलिंग तपासण्यासाठी नाही. नोटो सान्स देवनागरी फाँट लावून ‘शाल’ लिहा आणि भाषा हिंदी ठेवा. आता तीच ओळ निवडून भाषा मराठी करा. बघता बघता ल बदलतो: हिंदीचा दांड्याला चिकटलेला ल जाऊन आपला दोन पाकळ्यांचा ल येतो, आणि श सुद्धा आपल्या वळणाचा होतो. दोन्ही आकार फाँटमध्येच असतात, भाषा सांगितल्याशिवाय तो आपला आकार देत नाही. आठ वर्षं मी अक्षरं जुळवते आहे, पण हे मला मिंटवर आल्यावर कळलं.

मंगल फाँट इथे नसतो. त्यात केलेली जुनी वर्डची फाइल उघडली की ओळी सरकतात, पान वाढतं. मी मुक्त हा फाँट घेतला. मुंबईच्या एक टाइपने केलेला, फुकट आणि वजनांची चांगली निवड असलेला. सरकारी कागदांच्या धाटणीला नोटो बरा. इंग्रजी कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो चालतो, त्याची रुंदी तीच असल्याने मजकूर हलत नाही.

पत्रिकांसाठी स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घातलं, १.६ किंवा त्यापुढचंच घ्या. आधीच्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटायची. प्रेसला सीएमवायकेची, म्हणजे छपाईच्या चार रंगांची पीडीएफ लागते, ती स्क्रायबस नीट देतं. इंकस्केपमध्ये फ्लेक्सचे आकार काढता येतात, पण कोरलची जुनी फाइल त्यात उघडली की आकार येतात आणि मजकुराची खिचडी होते. लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठीतले व्हिडिओ आहेत, आवाज मराठी, सावकाश. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तेच लावते.

प्रिंटरचं थोडक्यात. एचपी लेझरजेट १०२० असेल तर एचपीलिप नावाच्या सॉफ्टवेअरमधून त्याचा प्लगिन एकदा उतरवावा लागतो, मग चालतो. माझा दुसरा, वेगळ्या कंपनीचा जुना लेझर, तीन संध्याकाळ घालवूनही बोलला नाही. तो मी विंडोजसाठी राखून ठेवला आहे. नवीन घेताना प्रिंटर लिनक्सवर चालतो का हे घेण्याआधी शोधा, घेतल्यावर नाही.

जुनी डिस्क परत जोडताना

सगळं रुळल्यावर, म्हणजे माझ्या बाबतीत पाचव्या दिवशी, मशीन बंद करून जुन्या डिस्कच्या केबली परत जोडल्या. जुन्या मराठी फाँटांतल्या फायली, ज्यांच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं डाँगल (वायफायचं नव्हे, परवान्याचं) लागतं, त्या विंडोजशिवाय उघडत नाहीत. त्यांचं एन्कोडिंगच वेगळं आहे, मिंटमध्ये त्या नुसती ठिपक्या-चिन्हांची रांगोळी दिसतात. विंडोज पूर्ण काढून टाका असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

बायॉसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवा. विंडोज ‘लेगसी’ असेल, माझ्यासारखं, तर ‘सीएसएम’ नावाची सेटिंग चालूच राहू द्या, ती बंद केली की विंडोज उठत नाही. मिंट यूईएफआय आणि विंडोज लेगसी असल्याने मिंटच्या मेन्यूमधून विंडोजला जाता येत नाही. त्यात काही अडत नाही. विंडोज हवं त्या दिवशी एफ१२ दाबून हार्ड डिस्क निवडते. तुमच्याकडे दोन्ही यूईएफआय असतील तर पुढच्या अपडेटनंतर मिंटच्या मेन्यूत विंडोजची ओळ बहुधा आपोआप येईल.

विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नका. मिंट बोर्डाच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच भारताची समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एक ओळ घालायची. मला भाच्याने ती फोनवर अक्षरशः अक्षर-अक्षर सांगितली: ‘टाइमडेटसीटीएल’, जागा सोड, ‘सेट-लोकल-आरटीसी’, मधल्या आडव्या रेघा विसरू नकोस, जागा सोड, एक. सगळी छोटी अक्षरं. मग एंटर. त्यानंतर दोघांचं घड्याळ जुळलं.

विंडोज १० ला आता नेहमीचे अपडेट नाहीत, म्हणून त्यात जाण्याआधी मी नेटची केबल मागून काढते. तिला खूण म्हणून राखीचा दोरा बांधला आहे.

शेवटचं काम पत्रा लावण्याआधी. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक लेबल चिकटवलं आहे, आमच्याच प्रिंटरवर मुक्त फाँटात छापलेलं: ‘लाल केबल मिंट, काळी केबल विंडोज. सेल बदलला सप्टेंबर २०२५. काही पुसायचं असेल तर आधी काळी काढा, आणि मला हाक मारा. मी गिऱ्हाइकात असले तर थांबा.’